अर्धं मैदान पुरे आहे : बालफुटबॉल स्पर्धेच्या संयोजन समितीस खुलं पत्र

प्रति,
पदाधिकारी आणि सदस्य, संयोजन समिती,
बालफुटबॉल स्पर्धा (आठ वर्षांखालील गट)

सप्रेम नमस्कार.

पत्रावर समितीचं आणि तालुक्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. ज्यांना लिहिलंय त्यांना पहिल्या चार ओळींत कळेल. बाकीच्या गोव्यात कुणाला हे आपल्याच तालुक्याबद्दल आहे असं वाटलं, तर तसंही समजायला हरकत नाही.

महिन्यापूर्वी तुमचं परिपत्रक पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रूपवर आलं. यंदा आठ वर्षांखालील गटाचे सामने पूर्ण मैदानावर, अकरा-अकरा खेळाडूंचे आणि बाद पद्धतीनं होतील; ‘मुलांना लहानपणापासून खऱ्या फुटबॉलची सवय व्हावी’ हा उद्देश, असं त्यात लिहिलं होतं. मागच्या वर्षी दोन-तीन तरुण प्रशिक्षकांनी हट्ट धरला म्हणून याच गटाचे सामने अर्ध्या मैदानावर झाले होते. मधोमध चुन्याची रेघ, दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन सामने. यंदा ते मोडीत काढलंत. का, ते कुणी सांगितलं नाही.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. फुटबॉलमधला मी कुणी जाणकार नव्हे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि आमच्या वाड्यावरच्या संघाचा तो गोलरक्षक आहे, एवढाच माझा या विषयाशी संबंध. संध्याकाळी दुकान नोकराच्या हवाली करून तासभर सोळा पोरांना सांभाळतो, म्हणजे चेंडू नाल्यात गेला की काढून देतो. आणि एक आधीच कबूल करतो : मागच्या वर्षी अर्ध्या मैदानाला नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. ‘हा काय पोरखेळ?’ असं मी रेघेच्या बाहेर उभा राहून मोठ्यानं म्हणालो होतो, आणि माझ्या शेजारी तुमच्यातलेच एक जण मान डोलावत होते. त्यामुळे हे पत्र थोडं मलाही लिहिलेलं आहे.

परवाच्या रविवारी आमच्या पोरांचा पहिला सामना झाला. नऊ-शून्य असे हरलो. हरल्याचं दुःख नाही, समोरची पोरं चांगली खेळली. पण मी त्या दिवशी एक उद्योग केला. खिशात बिलबुक होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर आमच्या सोळाही पोरांची नावं लिहिली आणि ज्याच्या पायाला चेंडू लागेल त्याच्या नावापुढे एक रेघ मारत गेलो. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. शेवटी मोजलं तर तीन पोरांच्या नावापुढे मिळून एकशे सहा रेघा होत्या. ती तिघं अंगानं थोराड, पळायला वेगवान. पाच जणांच्या नावापुढे पाच ते बारा. दोघांच्या नावापुढे दोन-दोन. (गोलात उभा असलेला माझा मुलगा यात धरलेला नाही.) राखीव पाच मुलांपुढे एकही नाही, कारण त्यांना मैदानात उतरवलंच नाही. बाद पद्धतीचा सामना, आधीच मागे पडलेला. आमच्या प्रशिक्षकानं थोराड पोरांना बाहेर काढायचं धाडस केलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

दोन रेघावाल्यांपैकी एक आमच्या शेजारची मुलगी. ती उजव्या बाजूला मागे उभी होती. दुसऱ्या डावात चेंडू तिच्यापासून साठ-सत्तर मीटर लांब होता, तेव्हा ती खाली बसून बुटाच्या टोकानं तांबड्या मातीत घर काढत होती. तिला उठवायला माणसं ओरडली. परत येताना गाडीत तिनं एकच वाक्य उच्चारलं, ‘म्हाका बॉल कोणें दिलोच ना.’ ती आता सरावाला येत नाही. आमच्या सोळांतल्या तीन मुलींपैकी ती एक होती.

माझ्या मुलाचं सांगतो. दुकानाच्या चौकटीवर पेन्सिलीनं त्याच्या उंचीच्या खुणा करतो, ताजी खूण एक मीटर अठरा सेंटीमीटरवर आहे. नियमाप्रमाणे मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. म्हणजे माझ्या मुलासारखे दोन एकावर एक उभे केले तरी क्रॉसबार आठ सेंटीमीटर वरच राहतो. नऊतले सहा गोल त्याच्या डोक्यावरून गेले. त्यात त्याची काय चूक होती ते मला अजून सापडलेलं नाही, पण दर वेळी तो जाळीतून चेंडू काढून आणताना खाली मान घालून येत होता.

आता हाच हिशेब उलटा करून बघा. माझी उंची पाच फूट सात इंच. मुलाच्या उंचीला त्या गोलाचं जे माप पडतं तेच माझ्या उंचीला लावलं, तर मला साडेतीन मीटर उंच आणि साडेदहा मीटर रुंद गोल राखावा लागेल. आपलं मैदान मी टेपनं मोजलं आहे, ब्याण्णव मीटर बाय छप्पन्न. त्याच प्रमाणात आपल्यासाठी ते एकशे तेहतीस बाय एक्क्याऐंशी मीटर होईल. अशा मैदानावर तुम्ही-आम्ही अर्धा तास पळून दाखवावं आणि नंतर सांगावं की आपण पास का दिले नाहीत. ब्रह्मानंद शंखवाळकर ज्या गोव्यात गोलरक्षक म्हणून घडले, त्या गोव्यात सात वर्षांच्या पोराला गोलात उभं राहायची अशी दहशत बसावी, हे मला पटत नाही. चेंडूही मोठ्यांचाच होता, पाच नंबरचा. नियमाप्रमाणे तो चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅमचा असतो. पहाटेच्या दवात भिजला की किती होतो ते देव जाणे. या वयासाठी तीन नंबरचा चेंडू असतो आणि तो म्हापशात, पणजीत कुठेही मिळतो.

‘खरा फुटबॉल’ या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या परिपत्रकाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

माझा मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. त्याचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा, आणि तिथे सगळे खेळतात म्हणून तोही आइस हॉकी खेळतो. आपल्याला बर्फ फक्त नुस्त्याच्या (मासळीच्या) पेटीतला माहीत, त्यामुळे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी त्यानं रिंकवरून, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या मैदानावरून, व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळचे सात, बाहेर उणे अठरा. बघतो तर रिंकच्या बरोबर मधोमध फोमचे लांब ठोकळे आडवे ठेवून भिंत केलेली, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे सामने चालू. मी विचारलं, ‘अरे, तुमच्याकडे पण जागेची टंचाई काय?’ तो हसला. म्हणाला, ‘टंचाई नाही रे, नियम आहे. याला हाफ-आइस म्हणतात.’

मग तो अर्धा तास मला समजावत होता आणि त्याचा मुलगा मागे घसरून पडत होता. उत्तर अमेरिकेत मोठ्यांची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. कॅनडाच्या हॉकी संघटनेनं २०१७-१८च्या मोसमापासून सात वर्षांखालच्या वयाच्या मुलांना पूर्ण रिंकवर सामने खेळवणंच बंद केलं आणि दोन वर्षांनी तोच नियम त्यांच्या वरच्या गटालाही लावला. अमेरिकेत तर २००९पासून लहान मुलांच्या प्रशिक्षणाचा आराखडाच छोट्या बर्फावर आखलेला आहे. गोलच्या जाळ्या लहान. पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती, तीसुद्धा वेगळी : मोठ्यांची काळी पक सहा औंसांची, पोरांची निळी चार औंसांची. एका वेळी चार-चार खेळाडू. दर दीड मिनिटानं भोंगा वाजतो, भोंगा वाजला की आतली पोरं बाहेर आणि बाहेरची आत. थोराड असो की किरकोळ, प्रशिक्षकाच्या पोटचा असो की नसो, भोंगा सगळ्यांना सारखाच. फलकावर गोल दिसत नव्हते, फक्त घड्याळ चालू होतं. मावसभावाला विचारलं, जिंकलं कोण? तर म्हणाला, ‘पोरांना माहीत असतं. आम्ही विचारत नाही.’

हे सगळं तिथेही सुखासुखी झालेलं नाही. तिथल्या आई-बापांनीही आरडाओरडा केलाच : ही काय हॉकी झाली, आमचे पैसे पूर्ण रिंकचे, आमचं पोर मागे पडेल. म्हणजे मी मागच्या वर्षी जे बोललो तेच, फक्त इंग्रजीत आणि थंडीत. ज्या देशात आइस हॉकी म्हणजे आपल्याकडे चतुर्थी असावी तसं प्रकरण आहे, तिथल्या लोकांना खऱ्या हॉकीची काळजी आपल्या समितीपेक्षा कमी असेल असं मला वाटत नाही. तरीही त्यांनी पोरांना अर्धा बर्फ दिला.

आणि हॉकीचं राहू द्या. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २०१२ साली मतदान घेऊन ठरवलं की सात आणि आठ वर्षांखालची मुलं पाच-पाचच्या संघात खेळतील, त्यापुढची दोन वर्षं सात-सात, नंतर नऊ-नऊ, आणि अकरा-अकराचा सामना त्यानंतर. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली, तीही कमी खेळाडूंच्या, छोट्या मैदानावरच्या साखळी सामन्यांची. तेव्हा ‘खरा फुटबॉल’ कुणाच्या व्याख्येतला, हे समितीनं एकदा सांगावं.

परिपत्रक आल्यावर मी तुमच्यातल्या एकांना फोन केला होता. बोलणं गोडच झालं. त्यांचं म्हणणं, ‘आमी ल्हान आसतना अशेच खेळ्ळे, कितें जालें आमकां?’ (आम्ही घरी-दारी कोंकणीत भांडतो आणि कागदावर मराठीत, हे गोव्याबाहेरच्या वाचकांनी समजून घ्यावं.) फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो, की आम्ही लहानपणी खरंच कसे खेळलो?

भात कापून झालं की आमचं मैदान तयार व्हायचं. मैदान म्हणजे एक कुणगा, भातशेताचा तुकडा. चारी बाजूंना मेर, म्हणजे बांध, तीच बाहेरची रेघ. गोल म्हणजे दोन चपला, आणि चपला कुठे ठेवायच्या ते किती गडी जमले त्यावर ठरायचं. सहा जण असले की चपला जवळ, बारा झाले की लांब. पलीकडच्या कुणग्यातही खेळ चालायचा, तो वेगळा, मोठ्या पोरांचा. गोल केवढा रुंद, हेही गोलात कोण उभा आहे ते बघून ठरायचं; लहान पोर असलं तर एक पाऊल कमी. कुणी शिकवलं नव्हतं. राखीव खेळाडू ही गोष्टच नव्हती, जो आला तो आत. संघ एकतर्फी झाला की मधेच थांबून एक गडी इकडचा तिकडे द्यायचा आणि पुन्हा शून्यापासून सुरू. अकरा-अकराच्या सामन्यात पूर्ण मैदानावर मी पहिल्यांदा उतरलो ते आठवीत, शाळेच्या संघातून. फोनवरच्या त्या गृहस्थांचंही याहून वेगळं नसणार, कारण ते माझ्या शेजारच्याच वाड्यावरचे. आपण लहानपणी हाफ-आइसच खेळलो, फक्त बर्फाच्या जागी भाताचे खुंट होते आणि पायाला टोचायचे.

आता कुणगे कमी झाले. काही पडीक आहेत, काहींवर घरं उभी राहिली, आणि पोरांच्या संध्याकाळी ट्यूशनमध्ये जातात. म्हणून तर तुमच्या स्पर्धेचं महत्त्व आहे. पोरांच्या हातून निसटलेली गोष्ट तुम्ही त्यांना परत देऊ शकता, आणि तुम्ही त्यांना देताय काय, तर ब्याण्णव मीटर.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. बाद पद्धतीमुळे आमच्या सोळा पोरांचा या वर्षाचा मोसम तीस मिनिटांत संपला, त्यातल्या पाच जणांचा तर सुरूच झाला नाही. मुलगा घरी येऊन पाय धुताना विचारतो, ‘बाबा, आतां आमची मॅच केन्ना?’ मी सांगितलं, बघू. सामना साडेआठचा होता, प्रमुख पाहुणे पावणेदहाला आले, तोवर आठ संघांची पोरं उन्हात ओळीत उभी. भाषणं झाली, समया पेटल्या, एका पोराला भोवळ आली. सावलीची खुर्ची होती ती व्यासपीठावर. मला पाहुण्यांशी भांडायचं नाही. पण सामना वेळेवर सुरू झाला असता तर ते मधे येऊन बसले असते, कुणाचं काही अडलं नसतं. विजेत्याचा चषक माझ्या मुलाच्या छातीला लागेल एवढा आहे. त्या एका चषकाच्या पैशांत किती तीन नंबरचे चेंडू आले असते, ते दुकानदार म्हणून मला तोंडपाठ सांगता येईल, पण सोडा.

आणि हो, रेघेबाहेरचे आम्ही. ‘फुडें मार रे!’ हे मी स्वतः त्या दिवशी सकाळी तीन वेळा ओरडलो. बायकोनं मोजलं. मोठं मैदान असलं की मोठ्या लाथेलाच किंमत येते, आणि मग बापही तेवढंच ओरडायला शिकतात. अर्ध्या मैदानात पोराला मान वर करून बघावं लागतं, कुणाला द्यायचा ते. या बाबतीत समितीनं आम्हा पालकांना एक दोरी बांधून दोन मीटर मागे उभं केलं तर मी तरी तक्रार करणार नाही.

मागण्या अशा. या गटाच्या उरलेल्या फेऱ्या अर्ध्या मैदानावर आणि पाच-पाच खेळाडूंच्या घ्या. खरं तर आपलं मैदान चौकोनात विभागलं तर शेहेचाळीस बाय अठ्ठावीस मीटरचे चार तुकडे होतात. इंग्लंडमधलं या वयाचं मैदान चाळीस बाय तीस यार्डांचं, म्हणजे सुमारे साडेछत्तीस बाय साडेसत्तावीस मीटरचं. ते प्रत्येक तुकड्यात बसतं, रेघेबाहेरची जागा मात्र बेताची राहते. ती अपुरी वाटली तर दोनच तुकडे करा, पण मधली रेघ मारा. चार तुकडे केले तर एका सकाळी आठही संघ एकाच वेळी खेळतील, आणि ‘मैदान मिळत नाही’ हे जे दर सभेत ऐकायला मिळतं तेही ऐकावं लागणार नाही. बाद झालेल्या संघांना परत बोलवा आणि प्रत्येकाला किमान चार सामने मिळतील अशी साखळी करा. दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळी पोरं बदला, म्हणजे राखीव खेळाडू हा प्रकार राहणार नाही. चेंडू तीन नंबरचा, गोल लहान. या गटाला चषक नको. सगळ्यांना लिंबू सरबत आणि एकेक पाव-भाजी द्या, पोरं जन्मभर नाव काढतील. आणि पुढच्या वर्षीचे नियम ठरवायच्या बैठकीला प्रशिक्षकांना आणि दोन पालकांना बोलवा. त्यांतली एक आई असावी, कारण आमच्या वाड्यावर पोरांना सरावाला आणून सोडणं बहुतेक आयाच करतात.

खर्चाचा प्रश्न येईल म्हणून आधीच सांगतो. छोटा गोल बारा फूट रुंद आणि सहा फूट उंच लागतो. पीव्हीसी पाइप वीस फुटी येतो; दोन खांब, एक आडवा, मागचा आधार आणि कोपऱ्याचे एल्बो धरून एका गोलाला साधारण अडीच पाइप जातात. आठ गोल माझ्या दुकानातून, माझ्या खर्चानं, जोडून देतो. मागच्या पाइपवर वाळूच्या गोणी ठेवायच्या हे मात्र विसरायचं नाही, हलका असला तरी सुटा गोल वाऱ्यानं पोरांच्या अंगावर पडू शकतो. गोणी मी भरून आणीन. चुना, सुतळी, कोनही माझ्याकडे आहेत.

तुमच्यावर माझा राग नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून दुसऱ्यांच्या पोरांसाठी मैदानावर येणारी माणसं आहात, ते मला दिसतं. पण ठरवताना एकदा त्या मैदानात, त्या गोलात, गुडघ्यावर बसून समोर बघा. सात वर्षांचं पोर साधारण तेवढ्याच उंचीवरून बघतं. पलीकडचा गोल केवढा दिसतो ते मला येऊन सांगा.

पुढची फेरी तीन आठवड्यांनी आहे. त्याआधी कळवलंत तर बरं, म्हणजे पाइप कापायला घेतो. तोवर दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या वाड्याखालच्या कुणग्यात, जमीनमालकाला विचारून, पाच-पाचचे सामने ठेवतोय. पहिल्या रविवारी शेजारच्या मुलीलाही हाक मारणार आहे. ती येईल की नाही, माहीत नाही. तुम्ही या. टेप दुकानात काउंटरवरच ठेवलाय.

आपला,
आठ वर्षांखालील संघातल्या एका गोलरक्षकाचा बाप